पडन कोठी

अहेरीला मामाच्या घरी दोन बंदुका होत्या. एक छऱ्याची, दाराआडच्या खुंटीला टांगलेली, पोरासोरांचा हात पोचेल अशी. दुसरी बारा बोअरची दुनळी. ती लोखंडी पेटीत असे आणि पेटीची किल्ली मामाच्या करदोट्याला. कुलपातली ती क्रूर आणि खुंटीवरची म्हणजे खेळणं, अशी माझी साधी समजूत होती. मामाचं मत बरोबर उलटं होतं. ते मला पटायला एक हरियल खर्ची पडला.

तेव्हा अहेरी चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा, जिल्ह्यात होती. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो पुढे, 26 ऑगस्ट 1982 ला. परीक्षा संपली की एस.टी.च्या मागच्या बाकावर आदळत, आपटत मी मामाकडे जायचो. आलापल्ली मागे पडली, सागाची दाटी विरळ झाली की अहेरी आलीच. गावाला खेटून प्राणहिता. पलीकडचा किनारा तेव्हा आंध्रातला. बाजारात एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी ऐकू यायची. जुन्या चांदा जिल्ह्यातली सगळ्यांत मोठी जमीनदारी अहेरीची, त्यामुळे शिकारीच्या गोष्टींना गावात तोटा नव्हता. ओसरीवर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या पोतडीत निदान एक वाघ असायचाच. मामाच्या गोष्टीत वाघ नव्हता. त्याला खायच्या पाखरांत रस होता, त्यातही हरोळीत. हिलाच हरियल म्हणतात: हिरवट अंग, खांद्याशी जांभळट डाग, पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. आज हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. मामाच्या लेखी तो रस्सा होता.

मामा शिकवायचा मात्र झकास. छऱ्याच्या बंदुकीची नळी मोडून स्प्रिंग दाबायची, कंबरेत आवळलेल्या डमरूसारखा शिशाचा छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची. नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला तो मक्खी म्हणे. मागच्या खाचेत मक्खी, मक्खीवर पाखरू. इथवर कोणीही सांगेल. पण तो म्हणायचा, "आवळू नको बे. काठोकाठ भरलेला गंज धरतेत तशी धर." याचं कारण मला फार उशिरा कळलं. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतल्या आत मागेपुढे हिसका देते. घट्ट धरली तर प्रत्येक वेळी वेगळी उडते, सैल धरली तर दर खेपेला सारखीच. उंच फांदीवर मारताना नेम केसभर खाली धरायचा, कारण छर्रा चढा गेला की जमिनीची ओढ त्याला सपाटीइतकी खाली आणत नाही. आणि छर्रा न भरता चाप कधी ओढायचा नाही. आत वाऱ्याची गादी नसली की स्प्रिंग स्वतःच्याच आपटण्यानं मरते.

दुनळीचं शास्त्र वेगळं. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यातून जाईल ती नळी. हे ऐकून मला विलक्षण आनंद झाला होता, शाळेतलं कुठलंच गणित इतकं जड वजनाचं नव्हतं. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, शक्तिमान. पाखरांना सहा नंबरचे छर्रे; नंबर वाढेल तसा छर्रा बारीक होतो. दोन नळ्यांपैकी एकीचं तोंड किंचित आवळलेलं, ती लांबच्या माऱ्याला. उडत्या पाखरावर मारायचं तर पाखरावर मारायचंच नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या आभाळावर मारायचं. ताशी 60 किलोमीटरनं जाणारं पाखरू तीस मीटरवर असेल, तर छर्रे पोचेपर्यंत ते साडेतीन हात पुढे गेलेलं असतं. म्हणून नळी पाखराच्या मागून आणायची, त्याला ओलांडायचं आणि हात न थांबवता चाप ओढायचा. हात थांबला की छर्रे शेपटीमागे.

मामाला हे सगळं येत होतं, पण तो उडत्यावर क्वचितच मारी. साहेबलोक बसलेल्या पाखरावर गोळी घालणं हलकं समजत. मामा म्हणे, साहेबाला काडतूस फुकट आणि स्वयंपाकाला खानसामा. ज्याला खायचं असतं तो फांदीवरच्या पाखराकडे बघतो, ज्याला फुशारकी मारायची असते तो आभाळाकडे. यात मामाची बाजू मला आजही बळकट वाटते.

आणि या सगळ्याच्या वर एक सूचना. ती तो प्रत्येक वेळी, मी नेम धरून श्वास अर्धा सोडून थांबलो की, नेमकी तेव्हाच द्यायचा: "पयले पाय, पडन कोठी."

पडेल कुठे. काट्यात पडलं तर सापडत नाही. पलीकडच्या नाल्यात पडलं तर कोल्ह्याचं होतं. अर्धवट लागलं, भरारी मारून रानात शिरलं, तर कोणाचंच होत नाही. झुडपाखाली दोन दिवस कुढत मरतं. दुनळीचा मारा पाखराला बहुधा जागच्या जागी आटोपतो. छऱ्याच्या बंदुकीत तेवढा दम नसतो. "हे मारत नाही, दुखवते," मामा खुंटीकडे हनुवटी उडवून म्हणायचा. मला वाटे, आपल्या हातात आहे म्हणून तिला नावं ठेवतोय.

नदीच्या काठावर एक वड होता. एप्रिलात त्याची फळं लाल व्हायची आणि झाड आतून बोलायला लागायचं. हरियल दिसत नाही. तीस बसलेले असले तरी पानच वाटतात. ऊन कोवळं असताना ते शेंड्याच्या बोडक्या फांद्यांवर अंग शेकत बसतात, तेवढीच काय ती वेळ. मग पानांत शिरले की संपलं. तेव्हा बुंध्याशी बसायचं आणि ऐकायचं. वारा नसताना फळं टपटपली की वर कोणीतरी खातंय. मग कोणी शीळ घोळवत राहिल्यासारखा तो आवाज. मग डोळा एकाच फांदीवर ठेवायचा, हलू द्यायचा नाही. थोड्या वेळानं एका पानाला पाय फुटतात, पिवळे.

त्या सकाळी मामा मागे विडी पेटवत होता. मी एकटाच पुढे गेलो. फांदी पाण्यावर झुकलेली, पाखरू शांत. मक्खी खाचेत बसली. श्वास अर्धा सुटला. मागून कोणी काही बोललं नाही.

छर्रा लागला. झाडातून अख्खा थवा फुटला, पाचपन्नास तरी असतील, आणि मी मारलेला मात्र पडला नाही. तो मागे कलला, उलटा झाला आणि फांदीला पायांनी धरून लोंबकळत राहिला. पंख फडफडले, थांबले, परत फडफडले. फांदीवर बसणाऱ्या पाखरांच्या पायात अशी एक दोरीसारखी शीर असते की पाय दुमडला की बोटं आपोआप आवळतात. म्हणून झोपेतही ती पडत नाहीत. ही माहिती नंतरची. तेव्हा मला आठवली ती आजीची गोष्ट: हरियल जमिनीला पाय लावत नाही, पाण्यावर उतरला तर पायात काडी घेऊन उतरतो. सूरदासांच्या गोपीही कृष्णाला याच पाखराच्या काडीची उपमा देतात. गोष्ट काही खरी नाही, हरियल कधीमधी खाली उतरतो. पण उलटं लोंबणारं ते पाखरू ती गोष्ट पाळत होतं.

मी दुसरा छर्रा भरला. हात इतका थरथरत होता की नळी सरळच होईना. मामा आला, वर पाहिलं, माझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि एक शब्द न बोलता घराकडे चालता झाला. वीसेक मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ मी त्या झाडाखाली होतो. मामा परतला तो दुनळी घेऊन. त्या काळी एका काडतुसात चार जणांचा रस्सा व्हायचा. त्यानं ते एकट्या, आधीच मेलेल्यात जमा असलेल्या पाखरावर घातलं. पाखरू पाण्यात पडलं आणि धारेला लागून पलीकडच्या काठाकडे सरकत गेलं. मामानं नळी मोडली, धुरकटलेलं रिकामं काडतूस बाहेर काढलं, खिशात टाकलं. त्या दिवशी जेवताना त्यानं माझ्या ताटाकडे पाहिलंही नाही.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 चा. आम्ही जे करत होतो ते तेव्हाही गुन्हाच होतं. ओसरीवर तो शब्द कोणी उच्चारत नसे. मग 1980 च्या सुमाराला पलीकडून नक्षलवाद्यांची दलमं आली आणि अहेरीच्या भागात बंदूक या शब्दाचाच अर्थ बदलला. मामानं दुनळी ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही. रानातल्या गावांतून ठासणीच्या बंदुका, ज्यांना इकडे भरमार म्हणतात, लोक पुढे पोलिसांच्या हवाली करू लागले. छऱ्याच्या बंदुकीला मात्र आजही सवलत आहे: 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतचा जोर असेल तर परवाना लागत नाही. जत्रेत फुगे फोडायला हीच, नेमबाजीच्या वर्गात मुली कागदावर दहाचा ठिपका शोधतात तीही हिचीच शहाणी बहीण. त्यात वावगं काही नाही, फुगा लोंबकळत राहत नाही. पण अरुणाचलात 2021 पासून लोकांनी आपल्या एअरगन सरकारजमा करायला सुरुवात केली ती पाखरांसाठीच, हे वाचलं तेव्हा मला खुंटीकडे उडालेली ती हनुवटी दिसली.

सालिम अलींची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. 1908 च्या सुमाराला छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. लोक त्या नेमाचं कौतुक करतात. मी विचार करतो तो ती पडली कुठे याचा. हाताशी पडली, म्हणून डाग दिसला.

गेल्या हिवाळ्यात अहेरीला गेलो होतो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मामी ओसरीवर गोधडी शिवत होती. सुई मोडली तशी तिनं डब्यातून एक काडतुसाचं रिकामं टरफल काढलं. पितळी बूड काळं पडलेलं, तोंडाला चिंधीचा बोळा. आत सुया.

"हे अजून आहे?" मी विचारलं.

"तुयाच हरोळीचं हाये ते," मामी म्हणाली. "फेकू नोको म्हनत होते."

तिनं एक सुई काढली, उजेडाकडे धरून नेढं पाहिलं, आणि बोळा परत घट्ट बसवला.