सीडरची साल आणि वखारीची वही



गेल्या वेळी लोणच्याच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे. लाकडाची साल काढण्याचा. तुम्ही म्हणाल, या वयात हिला हे काय सुचलं? सांगते.

मे-जूनमध्ये मी मुलाकडे अमेरिकेत होते. तो वॉशिंग्टन राज्यात, सिएटलपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आणि पलीकडे उंच झाडांचं रान. नोव्हेंबर 2024 मध्ये त्या भागात मोठं वादळ झालं, असंख्य झाडं पडली. शेजाऱ्यांचीही दोन सीडरची झाडं आडवी झाली. त्यांनी ओंडके करून ठेवले आणि मुलाला म्हणाले, हवे तर घेऊन जा. त्याने आठ घेतले. प्रत्येक साधारण बारा फूट लांब. मागच्या अंगणात लाकडी मांडव घालायचा बेत होता. मला म्हणाला, "आई, तू सकाळी सामायिकाला बाहेर बसशील. वर छप्पर, समोर झाडं."

आता मुलाने आईसाठी असं काही योजलं तर कोणाला आवडणार नाही? तरी पहिला प्रश्न मी तोच विचारला, जो तुम्हीही विचारला असता. "झाड तोडलं नाही ना कोणी यासाठी?"

तो हसला. "आई, लेश्यावृक्षाचं चित्र आठव. हे खाली पडलेलं फळ आहे."

आपल्या पाठशाळेत लहानपणी ते चित्र भिंतीवर असायचंच. जांभळाच्या झाडाजवळ सहा भुकेली माणसं. कृष्ण लेश्येचा झाड मुळापासून तोडू पाहतो, नील लेश्येचा खोड, कापोतवाला फांद्या, पीतवाला फळांचे घोस, पद्मवाला फक्त पिकलेली फळं, आणि शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडली आहेत तेवढी पुरेत. माझ्याच मुलाने मला माझाच पाठ म्हणून दाखवला. मी गप्प झाले, मनातून सुखावलेही.

सीडर म्हणजे आपला देवदार असं मी समजत होते. तसं नाही. देवदार हा खरा सीडर. तिकडचा हा तांबडा सीडर नावापुरता सीडर, कुळ सरूचं. आपल्याकडे बंगल्यांच्या दारात मोरपंखी लावतात ना, तीही याच कुळातली. लाकूड हलकं, मऊ, तांबूस, आणि वास इतका छान की कपाटात ठेवावा. गाभ्यात स्वतःची अशी द्रव्यं असतात, त्यामुळे ते लवकर कुजत नाही. साल मात्र वेगळीच. आपल्या बाभळीसारखी खवल्यांची नाही, नारळाच्या सोडणासारखी तंतूंची. ओढली तर लांबच लांब पट्टी निघते.

त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी शेकडो वर्षं ही साल वापरत आले आहेत. टोपल्या, चटया, टोप्या, दोर. सिएटलच्या बर्क म्युझियममध्ये त्यांच्या वस्तू पाहायला मिळतात. एक गोष्ट मला फार भावली. वसंत ऋतूच्या शेवटी, झाडात रस चढलेला असताना, ते उभ्या झाडाची एखादी पट्टीच काढतात. सभोवार सोलत नाहीत, म्हणजे झाड जगतं. आणि काढण्याआधी झाडाचे आभार मानतात. आपल्या शास्त्राचा एक शब्दही ज्यांच्या कानावर गेला नाही, त्यांच्याकडे हा विवेक आहे!

आता साल काढायची कशासाठी? सालीखाली ओल धरून राहते. ओल तिथे बुरशी, आणि ओल आणि आडोसा तिथे किडे. शिवाय साल पुढे सुटून गळत राहते. म्हणून खांब करायचे तर आधी साल उतरवायची. जुनी पद्धत म्हणजे दोन मुठींची सुरी आपल्याकडे ओढत सोलायचं. मुलाने भाड्याने आणलं पाण्याच्या दाबाचं यंत्र, प्रेशर वॉशर. पेट्रोलवर चालणारं, तीन हजार पीएसआय दाबाचं. घरातल्या नळापेक्षा पन्नासपट समजा. तोंडाला रंगीत नोझल असतात. लाल म्हणजे सुईसारखी सरळ धार, पिवळं थोडं पसरट, मग हिरवं, मग पांढरं अजून पसरट. त्याखेरीज एक फिरती धार देणारं नोझल असतं, ते सालीला सर्वांत चांगलं. साल जिथे सुटलेली आहे त्या कडेखाली तिरकी धार धरायची आणि पुढे सरकत जायचं. फार जवळ नेलं तर मऊ लाकूड पिंजतं, त्यावर लव उभी राहते.

मुलाने मला चष्मा, रबरी बूट आणि जाड हातमोजे दिले आणि बजावलं, "धार कधीही हातापायावर घ्यायची नाही. कातडीतून आत घुसते, थेट इस्पितळ."

पहिला ओंडका त्याने केला. पाऊण तास लागला. तपकिरी साल उडत होती आणि खालून लोण्याच्या रंगाचं, ओलं, चकचकीत लाकूड उघडं पडत होतं. भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल जसं नुसतं चोळल्यावर सुटतं, तसं.

मी म्हटलं, "दे बघू इकडे."

मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू. मला फार मजा आली. सहासष्टाव्या वर्षी हातात असा जोर! आयुष्यभर भांडी घासली, फरशी पुसली, पण डाग असा पळताना कधी पाहिला नव्हता. सून खिडकीतून फोटो काढत होती. नातू ओरडत होता, "आजी, अजून!" अर्धा ओंडका झाला आणि मी भान हरपून पुढे जात होते.

मग एक मोठी पट्टी सुटून माझ्या बुटाशी पडली. तिच्या आतल्या बाजूला नक्षी होती. मधोमध एक रेघ आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक रेघा, जणू कोणी बसून रांगोळी काढली आहे. लाकडावरही तीच नक्षी उमटलेली. आणि त्या रेघांच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या. काही हलत होत्या. बऱ्याचशा नव्हत्या.

मी घोडा सोडला. यंत्र घरघरत राहिलं.

मुलगा म्हणाला, "सालीतले भुंगेरे असतात, आई. सीडरच्या सालीत घर करतात."

मला मात्र त्या क्षणी सिएटल दिसत नव्हतं. मला आमची वखार दिसत होती.

नव्या वाचकांना सांगायला हवं. माझं सासर लाकडाच्या वखारीचं. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत वनकर्म येतं, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या अष्टमी-चतुर्दशीला करवत चालू देत नसत. तेवढंच त्यांच्या हाती होतं. मी बी.कॉम. होऊन आलेली, म्हणून लग्नानंतर वर्षभरात वहीखातं माझ्याकडे आलं. सागवान, आंबा, बाभूळ, सगळ्याचं घनफुटाने खातं. त्यात एक छोटं खातं "साल व ढलपी" असं होतं. कामगार वाकसाने ओंडके तासायचे, सालीचा ढीग व्हायचा आणि तो जळणाला विकला जायचा. रक्कम किरकोळ, पण मी ती काटेकोर लिहायची. एका वर्षी त्या खात्यात बरी वाढ झाली म्हणून मामंजींनी माझं कौतुकही केलं होतं.

वखार 1994 साली बंद झाली. तोवर मी अकरा वर्षं ते खातं लिहिलं. आणि अकरा वर्षांत एकदाही ढिगाजवळ जाऊन सालीची एक ढलपी उलटून पाहिली नाही. बाभळीची साल, उन्हाळ्याचे दिवस, महिनोन् महिने पडून असलेले ओंडके. आत काय नसेल? आणि ते सगळं चुलीत जात होतं. घरी मात्र मी तांदळातला एक टोका निघाला तरी अलगद उचलून बाहेर सोडायची, आणि मनात म्हणायची, आपल्याकडून जीवदया बऱ्यापैकी पाळली जाते.

मी मुलाला म्हटलं, "बंद कर ते."

तो वैतागला. त्याचंही चुकलं नाही. यंत्राचं दिवसाचं भाडं भरलेलं, सुट्टीचा दिवस. म्हणाला, "आई, ही आरंभी हिंसा आहे. घर बांधताना, शेती करताना होतेच. संकल्पी नाही. मी त्यांना मारायला निघालो नव्हतो."

"मघापर्यंत नव्हतास," मी म्हटलं. "आता ते आत आहेत हे आपल्याला माहीत आहे. माहीत असून धार धरली तर त्याला काय म्हणायचं?"

तो काही बोलला नाही. मीही आत गेले. जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

दुपारी डोकं शांत झाल्यावर मी विचार केला. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. जीव गेला एवढ्यावर थांबले नाहीत, बेसावधपणाने गेला का, हे विचारलं. आणि मी सकाळी कशी होते? पुरती बेसावध. मजेत. मला टोचत होतं ते हेच.

आणि दुसरं, ही चूक यंत्राची नव्हती, उशिराची होती. आपण वर्षाचं धान्य भरतो तेव्हा काय करतो? कडक ऊन देतो, डाळींना एरंडेल चोळतो, कडुनिंबाचा पाला घालतो. कशासाठी? जीव पडल्यावर निवडायची वेळ येऊ नये म्हणून. तसंच हे. भुंगेरे ऊब वाढली की सालीत शिरतात. थंडी सरताच साल काढली असती तर त्यांना तिथे घर करायचं कारणच उरलं नसतं. सहा महिने ओंडके तसेच पडू दिले, तिथेच यत्नाचार चुकला. आता राहिलेले ओंडके नुसते ठेवून दिले असते तर त्यांतही घर झालं असतं. म्हणजे काहीच न करणं हीसुद्धा अहिंसा नव्हती.

चहाच्या वेळी मुलगाच म्हणाला, "चल, एकेक तपासू."

राहिलेले सहा ओंडके आम्ही दोघांनी गुडघे टेकून पाहिले. आत किडा असेल तर सालीवर बारीक भोकं दिसतात आणि खाली भुशाची भुकटी पडलेली असते. चार स्वच्छ निघाले. दोनांवर खुणा होत्या.

ते दोन आम्ही सोललेच नाहीत. लोटत लोटत रानाच्या कडेला नेऊन ठेवले, सालीसकट. तिकडच्या जंगलात पडलेलं खोड वाया जात नाही. त्याच्यावर शेवाळ चढतं, आणि त्यात नवी रोपं रुजतात. अशा खोडांना ते लोक दाई-खोड अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. मुलाने हिशेब पुन्हा मांडला. आठाऐवजी सहा ओंडके, म्हणजे चार खांब, दोन आडव्या तुळया आणि मांडव बराच लहान. एका वेळी दोघी-तिघी बसतील एवढाच. तो म्हणाला, "तुला एकटीला पुरे." आवाजात अजून थोडी धुसफूस होती, पण यंत्र त्यानेच चालू केलं.

पाण्याचाही हिशेब मी केला. त्या यंत्राला मिनिटाला साडेनऊ लिटर लागतं. सहा ओंडके, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे अडीच हजार लिटरच्या वर. मी, जी दुहेरी जाड गाळण्यातून पाणी गाळते, अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की पुन्हा गाळते, तिच्या बसण्याच्या जागेसाठी अडीच हजार लिटर बिनगाळलेलं पाणी! शेवटचे दोन ओंडके मी सुरीने सोलायला लावले. तेवढं साडेआठशे लिटर वाचलं. एकाला जवळजवळ चार तास लागले. मुलाचे हात दुखले, माझेही. सोलताना हळू जावं लागतं, आणि हळू गेलं की दिसतं.

माझ्या हातून जो ओंडका धुतला गेला, त्यात किती जीव गेले ते मोजता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी एकाशन केलं, एक माळ जास्त जपली. प्रायश्चित्त घेतल्याने ती नोंद पुसली गेली, असं मी मानत नाही. पण वखारीच्या अकरा वर्षांसाठी मी कधी आलोचना केलीच नव्हती. खातं होतं, नोंद होती, फक्त माझं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं. ती त्या रात्री केली. प्रतिक्रमणात तोंडपाठ शब्द येतात तसे आले, पण या वेळी त्या ढिगासमोर उभी राहून म्हटल्यासारखे.

घरी बंगल्याचं, शेताचं, लाकडाचं काम निघणार असेल तर एवढंच सांगेन. लाकूड पडलं की लगेच जमिनीवरून उचलून ठेवा आणि गरमी सुरू होण्याआधी साल काढून घ्या. भोकं आणि भुसा दिसला तर तो ओंडका सोडून द्या. सोललेलं लाकूड सावलीत वाळवा. सीडर घासताना तोंडाला मास्क बांधा, त्या धुळीने दमा होतो. आणि यंत्र हातात घेण्याआधी एक पट्टी हाताने सोलून आत पाहा.

मांडव ऑगस्टमध्ये उभा राहिला, मी परतल्यावर. मुलाने फोटो पाठवला. चार खांबांपैकी एकावर ती रांगोळीसारखी नक्षी तशीच आहे. तो म्हणाला, घासून काढू का? मी म्हटलं, राहू दे. पुढच्या वर्षी गेले की मी त्याच खांबाकडे तोंड करून बसणार आहे.

जय जिनेंद्र.