मूठभर माती

माहीम सुटलं की गाडी पुलावर येते. रुळांचा आवाज बदलतो, पोकळ होतो. खाडीचा वास आत घुसतो, डावीकडे पाणी उघडं पडतं, आणि कुणी डबा भरून घेतोय, कुणी उतरायची तयारी करतोय तोवर वांद्रे आलेलंही असतं. जेमतेम मिनिटभराचा मामला. मी हा पूल किती वर्षं ओलांडतो आहे त्याची गणती नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका करारातलं एक कलम वाचलं, आणि तेव्हापासून त्या एका मिनिटात माझं कशातच लक्ष लागत नाही.

मुंबई आंदण दिली गेली, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. पोर्तुगालच्या राजकन्येचं, ब्रागांझाच्या कॅथरिनचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं. 23 जून 1661 रोजी तह झाला. पोर्तुगालला स्पेनपासून सुटून वीसच वर्षं झाली होती, पूर्वेकडे डच एकेक ठाणं गिळत होते, कोलंबो तर हातचं गेलंच होतं. पाठीशी कुणीतरी बलदंड हवा होता. म्हणून मुलगी दिली, तिच्याबरोबर रोकड दिली, आफ्रिकेच्या टोकावरचं टँजिअर दिलं आणि मुंबईचं बेट दिलं. देणाऱ्याकडे तरी ते कुठून आलं होतं? 1534 साली मोगलांच्या धास्तीनं गुजरातच्या बहादूरशहानं वसईच्या तहात ते पोर्तुगिजांना लिहून दिलं होतं. कागदावरून कागदावर. खाली जाळी वाळत होती, माडांना पोहरे लागत होते, मिठागरात पाणी आटत होतं, आणि वर धनी बदलत होता.

तहात लिहिलं होतं: मुंबईचं बंदर आणि बेट, आणि त्याला लागून असलेले सगळे हक्क, उत्पन्नं, प्रदेश. ‘लागून असलेले’ या दोन शब्दांनी घात केला. लंडनची समजूत अशी की माहीमच्या खाडीपलीकडचं साष्टी बेट आणि ठाणंही त्यातच आलं. गोव्यातल्या पोर्तुगिजांचं म्हणणं, बेट म्हणजे बेट, त्यापलीकडे एक माडही नाही. आणि बेट तरी कुठे संपत होतं? मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा आणि धाकटा कुलाबा. भरतीला ती वेगळी आणि ओहोटीला चिखल तुडवत एकावरून दुसऱ्यावर जाता यायचं. समुद्र दिवसातून दोनदा जे जोडत होता आणि दोनदा जे तोडत होता, त्याची हद्द लंडनमधल्या व्हाइटहॉलच्या टेबलावर ठरवायला माणसं बसली होती. ज्या कोळणीला भरती-ओहोटीची घटका न घटका पाठ होती, तिला कुणी विचारलं नाही.

सप्टेंबर 1662 मध्ये मार्लबरोच्या अर्लचा ताफा मुंबईसमोर येऊन उभा राहिला. त्यात सर अब्राहम शिपमन आणि सुमारे चारशे शिपाई होते. पोर्तुगिजांचा नवा गव्हर्नर आंतोनियो द मेलो इ कास्त्रो त्याच ताफ्यातून आला होता. त्यानं कागद पाहिले आणि ते रीतसर नाहीत म्हणून ताबा द्यायचं नाकारलं. मला या माणसाचा राग करता येत नाही. त्याला पुढचं दिसत होतं. इंग्रज मुंबईत बसले त्याच दिवशी आपलं हिंदुस्थान गेलं समजा, असं त्यानं नंतर आपल्या राजाला कळवलं, आणि त्याचं फारसं चुकलं नाही. पण राजांच्या या ओढाताणीत मधल्यामध्ये चारशे माणसं अडकली. त्यांना सुरतेला उतरवावं तर तिथल्या इंग्रज वखारवाल्यांना मोगलांच्या रोषाची भीती. मार्लबरो जहाजं घेऊन मायदेशी निघून गेला. उरलेल्यांनी जायचं कुठे? कारवारजवळ अंजदीव नावाचं एक बेट आहे, तिथे.

अंजदीव. दीड किलोमीटरभर लांबीचा खडक, थोडी झाडी, जुन्या पोर्तुगीज तटबंदीचे अवशेष. वास्को द गामा 1498 मध्ये तिथे पाण्यासाठी थांबला होता. पाणी भरून घ्यायला ती जागा चांगली, राहायला नव्हे. या लोकांनी तिथे दोन पावसाळे काढले. आपण कोकणातली माणसं, आपल्याला पाऊस ठाऊक आहे. आषाढात घराची कौलं धड असतील, चूल पेटती असेल, तरीही रात्री समुद्राचा घोष ऐकून जीव धसकतो. डोक्यावर धड छप्पर नाही, पोटात सवयीचं अन्न नाही, तापानं अंग फणफणलेलं, आव लागलेली, आणि समोर कारवारचा हिरवा किनारा हाकेच्या अंतरावर: असा पाऊस त्यांच्या वाट्याला आला. शेजारच्या माणसाला रोज पुरायचं आणि लिस्बनहून कागदाची वाट पाहायची. ते कुठल्या राज्यासाठी मरत होते? ज्या बेटासाठी आले त्यावर बहुतेकांनी पाऊलही ठेवलं नव्हतं. एप्रिल 1664 मध्ये खुद्द शिपमन गेला. त्यानंतर काही महिन्यांनी विलायतेहून नीट, बिनचूक, मोहोरबंद अधिकारपत्रं आली. ती शिपमनच्या नावे होती.

मेलेल्याच्या नावचा अधिकार जिवंताला चालतो की नाही, यावर गोव्यात खल झाला. चालतो असं ठरलं, कारण शिपमननं मरण्यापूर्वी हंफ्री कुक या आपल्या चिटणिसाला वारस नेमलं होतं. कुक मुंबईत आला तेव्हा त्याच्यामागे चारशेंपैकी शंभरेक माणसं उरली होती.

अंजदीवनं पुढे एकदा पुन्हा बळी घेतले. 18 डिसेंबर 1961 रोजी, गोवा मुक्तीच्या लढाईत, त्या बेटावर उतरताना आपल्या नौदलाचे सात जण पडले. ते आपले होते, आपल्याच किनाऱ्यासाठी गेले. त्यांची आठवण नौदल ठेवतं. शिपमनच्या माणसांची कुणीच ठेवली नाही, त्यांच्या देशानंही नाही. या शहराच्या इंग्रजी राज्याचे पहिले मुडदे ते, आणि पडले ते शहरापासून शेकडो मैल दूर.

18 फेब्रुवारी 1665. आजच्या टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या ताब्यातल्या आवारात तेव्हा दोना इनेस दि मिरांडा या विधवेची हवेली होती. त्याच्या शंभरेक वर्षं आधी गार्सिया द ओर्ता या वैद्यानं हे बेट खंडानं घेतलं होतं. त्या हवेलीत ताबा दिला गेला. लेखात नोंद आहे ती अशी: कुक बेटावर चालला, बुरुजांवर फिरला, भिंतींना हात लावला आणि त्यानं हातात माती आणि दगड घेतले. माती हातात घेतली की जमीन आपली, ही त्यांची रीत. मी ती मूठ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो. त्यात काय असेल? शिंपल्यांचा चुरा, माडाच्या मुळाचा एखादा तंतू, सुक्या मासळीचा वास. साक्षीला उभे होते पोर्तुगीज अधिकारी आणि इंग्रज. ज्यांच्या टाचांना ती माती रोज लागत होती, त्यांची सही कुणालाच नको होती.

पण करारात ती माणसं अजिबात नाहीत असं नाही. कुकनं ताबा घेण्यापूर्वी पोर्तुगिजांच्या अटी मान्य केल्या होत्या. त्यात हवेलीच्या मालकिणीच्या जमिनीला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही, अशी तजवीज आहे. आणि आणखी एक कलम आहे, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. पोर्तुगिजांच्या गावांतले कुणबी, भंडारी आणि इतर रयत यांना मुंबईत थारा द्यायचा नाही. कुणी आलंच तर लगेच धरून ज्याच्या त्याच्या धन्याच्या हवाली करायचं. पळून आलेल्या गुलामांना तेच. सुतारांसारख्या कारागिरांनाही तेच. दोन राजांच्या त्या सगळ्या कागदात आपली माणसं आली ती अशी, एकमेकांना परत करायच्या वस्तूंच्या यादीत.

कलम लिहावं लागलं त्याअर्थी लोक पळत असणार. रात्रीची ओहोटी बघून, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, माहीमच्या खाडीचा गुडघाभर चिखल तुडवत एक कुणबी बाई साष्टीच्या पोर्तुगीज किनाऱ्यावरून मुंबईच्या किनाऱ्यावर येत असणार. तिला ठाऊक नव्हतं की तिनं आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडली. वेठ चुकली तर लेकरं जगतील, एवढंच तिला ठाऊक.

पुढचं सर्वांना माहीत आहे. कुकचा करार लंडननं झिडकारला. माहीम कुकनं बळकावलं. 27 मार्च 1668 रोजी चार्ल्सनं हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं. साष्टी चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आली, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतली आणि 1782 च्या सालबाईच्या तहानं त्यांच्याकडेच राहिली. 1661 च्या त्या दोन शब्दांचा निकाल लागायला सव्वाशे वर्षं लागली, आणि तो लागला तोवर तह करणारं एकही माणूस हयात नव्हतं. सात बेटं भराव टाकून एक झाली. आता कुठली ओहोटी आणि कुठलं बेट, दाखवायला उरली ती एवढी एक खाडी, आणि तीही काळवंडलेली.

वरळीला, माहीमला, शीवला, माझगावला कोळीवाडे अजून आहेत. आपली वहिवाट कुठून कुठपर्यंत, हे कागदावर आणायला त्यांना आजही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पुढच्या खेपेला माहीम सुटलं की मोबाइल खिशात ठेवा आणि मिनिटभर खाली पाण्याकडे बघा. ओहोटी असेल तर चिखल दिसेल. ती बाई तिथूनच आली होती.