कापलेली तुळई

ओझें वाहणाऱ्या वस्तूची कंबर कोणी हौसेनें कापतो काय? गेल्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत चिरंजिवांच्या मोटारखान्यांत आम्हीं नेमकें हेंच पाहिलें. पिकअप ट्रकचे मागील कमानपाटे काढून तेथें रबरी हवाफुगे बसविले, कीं हवा सोडतांच गाडी जमिनीलगत निजते. पण मग आंस वर येऊन सांगाड्याच्या तुळयांवर आदळतो. म्हणून आंसाच्या डोक्यावर तुळईचा अर्धचंद्राकृति लचका काढावयाचा! तुळईचें बळ तिच्या उंचींत. तेथें जाड पोलादी कमान वेल्डिंगनें नीट जोडली नाहीं, तर भार पडतांच ती वांकावयाचीच.

आम्ही रागें भरलों. चाकाच्या लोखंडी कडेखालीं गाडीचा दुसरा भाग येऊं देण्यास तेथें १९५८ पासून २०२३ अखेरपर्यंत कायद्याची मनाई होती, हेंहि ऐकविलें.

"म्हणूनच हवा, बाबा. तेव्हां रस्त्यावर निघतांना गाडी उठवीत."

पंधरा दिवसांनीं त्यांनीं बटण दाबलें. सुस्कारा टाकून गाडी खालीं आली. आमचे गुडघे दुखरे. एरव्हीं त्या उंच गाडींत आम्हांस दोघांनीं चढवावें लागे. त्या दिवशीं आम्ही नुसते वळलों आणि बसलों. उतरल्यावर मात्र हौद्याच्या तळाला पाडलेल्या भोकांतून हात घालून जोडाच्या कडा पुन्हां चांचपल्या.