पंचवीस नंबरचं दार

मुळशीतल्या पिरंगुटच्या एका छोट्या कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळत होतो. ऐन पावसाळ्यात मालकांचा फोन आला, कोटेशन आउटबॉक्समध्येच अडकलंय. मुळशीत जूननंतर काहीही बिघडलं की खापर पावसावर फुटतं. मीही केबलमध्ये पाणी शिरलंय असं ठरवून लाइनमनला भर पावसात खांबावर चढवलं. गडी निथळत खाली आला. "लाइन चोख आहे, दादा."

मेल येत होते, फक्त जात नव्हते. इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. आमचे येणारे मेल ११० नंबरच्या पोर्टवरून येत, जाणारे २५ वरून जात. एक दार उघडं आणि एक बंद, म्हणजे दोष तारेत नाहीच. पण मी मोडेम बदलला, मालकांचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला (त्यात त्यांचे जुने मेल गेले, हे मी आठवडाभर सांगितलं नाही) आणि शेवटी इंटरनेट कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या मुलीवर ओरडलो.

ती शांतपणे म्हणाली, "सर, स्पॅममुळे २५ बंद केलाय. ५८७ टाका आणि पासवर्डची खूण चालू करा."

मेल पाठवण्याचा नियम १९८२चा. तेव्हा नेटवर्कवर माणसं मोजकी, २५ वर कोण आलंय हे कुणी विचारत नसे. पुढे व्हायरस लागलेले कॉम्प्युटर मालकाच्या नकळत त्याच दारानं जगभर कचरा सोडू लागले. आपले मेल पाठवणाऱ्यांसाठी ५८७ हे वेगळं दार १९९८ मध्येच ठरलं होतं. मी आपला सवयीनं २५ टाकत होतो.

५८७ टाकताच कोटेशन गेलं. तरी मालकांसमोर मी तोरा सोडला नाही. "कंपनीवाल्यांचं हे असंच. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

त्याच शनिवारी सगळे घरी गेल्यावरही मोडेमचा दिवा लुकलुकायचा थांबेना. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर नेटस्टॅट ही जोडण्या दाखवणारी कमांड चालवून पाहिली. पडदाभर अनोळखी परदेशी पत्ते, प्रत्येकापुढे २५, आणि एकही जोडणी पुरी झालेली नाही. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला असावा. टॅली हळू चालते अशी तक्रार होती म्हणून तिथला अँटिव्हायरस मीच बंद करून ठेवला होता.

सोमवारी मालकांनी हसत विचारलं, "काय, सापडला का चोर?"

"किरकोळ व्हायरस होता," मी म्हणालो, आणि चहा मागवला.