आधी बॉनेट, मग किट

जुन्या पेट्रोल जीपचा पिकअप गॅरेजला आला की हल्ली मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकू या का?" इथे चंदनसारला परिवहन कार्यालय आहे, त्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणाआधी असे बरेच प्रश्न आमच्याकडे येतात. मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी बॉनेट उघडतो.

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी आली, तिचं २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आलं. पुढच्या काळात डिझेलने ही इंजिनं मागे सारली, म्हणून जी उरली ती जपण्यासारखी आहेत. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंटची गॅप अर्धा मिलिमीटर, प्लगची पाऊण. हे आकडे आम्हाला तोंडपाठ असतात.

पॉइंटचं काम साधं पण अंगमेहनतीचं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो. प्रत्येक उघडण्याला कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या झटक्यातून प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार होतात. कॅमवर घासणारी फायबरची टाच हळूहळू झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग मागे पडतं आणि भरलेली गाडी चढाला मरते. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये घासणारं काही नाही, म्हणून तिचं टायमिंग असं सरकत नाही. हा तिचा खरा फायदा, आणि तो मोठा आहे.

पण ठिणगी बॅटरीपासून प्लगपर्यंत जाते ती अनेक सांध्यांमधून, आणि किट त्यातला एकच सांधा बदलते. पावसाळ्यात संध्याकाळी मिसिंग मारणारी गाडी आली की मी गॅरेजचा दिवा बंद करतो आणि इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली बघतो. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर केसाएवढ्या निळ्या रेषा धावताना दिसतात. कॅपला बारीक तडा गेलेला असतो, त्यात दमट हवा आणि धूळ बसून कार्बनची वाट तयार झालेली असते. प्लगकडे जायचा करंट त्या वाटेने पळतो. खाडीच्या खाऱ्या हवेने अर्थच्या वायरीचा सांधाही हिरवा पडतो. अशा गाडीला ताकदीची कॉइल लावली, तर वाढलेलं व्होल्टेज त्याच तड्यातून आणखी जोराने निसटतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरीचा आणि इंजिनचा अर्थ घासून साफ. मग कॅप, रोटर, लीड. मग डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी हलवून बघायचा. बुश झिजला असेल तर शाफ्ट डोलतो आणि चारही सिलिंडरला गॅप वेगवेगळी मिळते. किट बसवल्यावर हा दोष थोडा झाकला जातो, जात नाही. मग प्लग. एवढं केल्यावर निम्म्या गाड्यांचं दुखणं बरं होतं. पीयूसीच्या काट्यालाही ते कळतं, कारण मिसिंग झालेल्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोलच सायलेन्सरमधून हायड्रोकार्बन म्हणून बाहेर पडतं.

यानंतर किटचा विचार. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर मोजल्याशिवाय किट घेऊ नये. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर जातात. दीड ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरशिवाय जोडली तर ८ जातात. त्याने पॉइंट जळतो, आणि किटचं मॉड्यूल तेवढा भार सोसणारं नसेल तर तेही जातं. लीड तांब्याच्या तारेची नको, कार्बनची हवी, नाहीतर तिचा गोंगाट मॉड्यूलला चुकीचे इशारे देतो. सीएनजी बसवली असेल तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे प्लगची गॅप वाढवण्याचा मोह टाळावा.

आणि शेवटी गाडी जगते कशी, ते बघायचं. पहाटे भाजी घेऊन रोज बाजार गाठणाऱ्याला मी किट सुचवतो, कारण पॉइंट घासत बसायला त्याला वेळ नसतो. हौसेने ठेवलेली, कधीमधी निघणारी जीप पॉइंटवर छान राहते. पॉइंट हळूहळू बिघडतो, आधी कुरकुरतो, फीलर गेज आणि पॉलिश पेपर असला की रस्त्यावर सावरता येतो. मॉड्यूल बरेचदा काही न सांगता बंद पडतं.

म्हणून किट बसवली तरी काढलेला पॉइंट आणि कंडेन्सर मी भंगारात टाकत नाही. ते मालकाच्या हातात देतो आणि कसे बसवायचे ते त्याच्याकडून एकदा करून घेतो. सुधारणा केलेल्या गाडीने मालकाला मेकॅनिकवर जास्त अवलंबून ठेवलं, तर ती सुधारणा मला अर्धीच वाटते.