केसांची केस

1975 च्या मुंडकार कायद्याचा आधार घेऊन डिचोलीच्या मामलेदारांपुढे आम्ही परक्यांच्या छपरांसाठी भांडलो. स्वतःच्या घरी मात्र मोत्याच्या बेदखलीचा दावा आम्हीच मांडला. रांगत्या बाळाच्या मुठीत त्याचे केस निघाले आणि रात्री खोकला उसळला. मोत्याची रवानगी पेडण्यास मेहुण्यांकडे करावयाचे ठरले.

तसबिरीपुढे वात लावीत आई म्हणाली, ‘‘दत्तगुरूंनी चार श्वान सांभाळले, तुला एक जड झाला?’’

डॉक्टरांनीही सांगितले, केसांहून त्यांस चिकटलेली लाळ व त्वचेचा कोंडा अधिक बाधतो. कोरड्या केरसुणीने तो उडतो. तेव्हापासून मोत्याला आम्ही अंगणात विंचरतो, फरशी ओल्या फडक्याने पुसतो. खोकला ओसरला. दावा खर्चासह फेटाळला गेला. फडके आमच्याच हाती आहे.