गुंता खाली, दोष वर

जाम झालेल्या मशीनसमोर बसलो की मी आधी बटण बंद करतो आणि मोटरचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत कुठेही हात लावत नाही. जुन्या क्लच मोटरच्या पोटातलं जड चाक बटण बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. तेवढ्यात कुणाचा पाय पायडलवर पडला आणि आत अडकलेलं नेमकं तेव्हाच सुटलं, तर सुई बोटातून आरपार जाते. बहुतेकांना हा धीर नसतो. मशीन अडलं की ते पायडल आणखी जोरात दाबतात. मोटर घोंघावते, पट्टा चाकावर घसरतो, रबराचा जळका वास सुटतो, आणि आत जो धागा नुसता अडकला होता तो रुतून बसतो. मग मला फोन येतो, "दादा, चाकच फिरंना झालंय."

मी आष्टीत शिलाई मशीन दुरुस्त करतो. जिल्हा बीड, पण आमचा बाजार नगरचा. हुक, बॉबिन केस, दाते, सुयांची पाकिटं तिकडूनच येतात. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते न्यू आष्टी अशी ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. आमच्या मागच्या पिढीने तिची नुसती वाट पाहिली होती. माझे सुटे भाग मात्र अजून एसटीनेच येतात, कारण दुकानदाराला कंडक्टरच्या हातात पुडकं देणं सोयीचं पडतं. भाग सकाळी सांगितला तर संध्याकाळी मिळतो, पण दुकान बंद असेल, पाऊस असेल, गाडी चुकली, तर दोन दिवस मशीन गोणपाटाखाली.

दोन दिवसांचं काय एवढं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आष्टी तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमांची धावपळ सुरू होते. आगाऊ उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. ज्या घरात मशीन नीट चालतं आणि हाताला काम आहे, तिथली बाई कधीकधी गावात राहू शकते, पोरांची शाळा सुटत नाही. काम म्हणजे ब्लाउज, गणवेश, कापसाच्या दिवसांत गोण्या, आणि ऊसतोडीवरच्या कोप्यांसाठी, म्हणजे झोपड्यांसाठी, न्यायच्या ताडपत्र्यांना दुमड घालून शिवण. अशा वेळी हातात कापड आहे आणि चाक फिरत नाही, ही साधी अडचण राहत नाही. हे मी दारोदार पाहिलेलं आहे आणि म्हणूनच या विषयावर मला कळकळीने बोलावंसं वाटतं.

आता चाकाकडे वळू. माझं निम्मं निदान हाताने चाक फिरवून होतं, स्क्रू ड्रायव्हर नंतर. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. ते सगळ्या फेऱ्यात सारखंच जड जात असेल तर धाग्याचा दोष नाही; तेल संपलंय किंवा चुकीचं तेल पडलंय. एकाच ठिकाणी टक असा लोखंडाचा आवाज येऊन थांबत असेल तर सुई वाकून हुकावर किंवा प्लेटवर आपटते आहे. आणि चाक थोडं पुढे, थोडं मागे, मऊ जागेत हलून मग घट्ट होत असेल, तर हुकात धागा गेलाय. हे तीन स्पर्श वेगळे आहेत. सांगून ते अर्धेच कळतात, पण एकदा तळहाताला कळले की विसरले जात नाहीत.

हुकात धागा जातो म्हणजे काय, हे समजलं नाही तर माणूस आयुष्यभर नुसती ओढाताण करत राहील. सुई वरचा धागा घेऊन कापडाखाली जाते, अगदी तळाला पोचते आणि परत वर निघते. साधारण दोन मिलिमीटर वर आली की सुईच्या खाचेपाशी धाग्याचा छोटा फुगवटा तयार होतो. त्याच क्षणी हुकाचं टोक तिथे हजर पाहिजे. ते टोक फुगवटा उचलतं, मोठा करतं आणि बॉबिन केसवरून फिरवून पलीकडे नेतं. बैलाच्या शिंगावरून दाव्याचा फास उतरावा तसा तो धागा केसवरून उतरतो, खालच्या धाग्याला कवेत घेतो आणि वरची धागा ओढणारी दांडी त्याला कापडात खेचून घेते. एक टाका झाला. हुक एका टाक्याला दोन फेरे घेतो. एका फेऱ्यात धागा वाहून नेतो, दुसरा फेरा मोकळाच घेतो, म्हणजे वरच्या दांडीला धागा ओढायला वेळ मिळतो. मिनिटाला ४००० टाके धरले तर हुकाचे फेरे ८००० झाले. जपानच्या जुकी कंपनीचं डीडीएल-८७०० हे मॉडेल गावोगाव शिवणकाम करणाऱ्यांना माहीत आहे. त्याची कमाल गती मिनिटाला ५५०० टाके. एवढ्या वेगात हुकाचं टोक आणि सुई यांच्यात ०.०४ ते ०.१ मिलिमीटर एवढंच अंतर ठेवायचं असतं. फिरत्या हुकाची ही युक्ती अमेरिकेच्या ॲलन विल्सनने १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला काढली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता या सगळ्यात वरचा धागा ढिला असला तर? दांडी ओढते, पण धागा ताणाखाली नसल्यामुळे पुरता वर जात नाही. हुकावरून न उतरलेला फास पुढच्या फेऱ्यात पुन्हा आत ओढला जातो आणि फिरता हुक व त्याच्या आतली न फिरणारी वाटी यांच्यामधल्या बारीक खोबणीत शिरतो. कापडाच्या खालच्या बाजूला जाळं होतं. बाई कापड उलटून बघते, जाळं खाली दिसतं, म्हणून ती खालची बॉबिन बदलते, केसचा स्क्रू आवळते, पुन्हा शिवते, पुन्हा जाळं. गुंता खाली दिसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा वर असतो. मी ज्या ज्या ठिकाणी जातो तिथे हे एक वाक्य सांगून येतो.

याचंच एक उदाहरण सांगतो. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने शाळांसाठी एकसारखा गणवेश ठरवला, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, आणि त्याची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. त्या निर्णयांची चर्चा पुष्कळ झाली. मला त्या पावसाळ्यातलं एक पत्र्याचं शेड आठवतं. कडा गावाच्या बाजूला एका खेड्यात बायका आकाशी शर्ट शिवत होत्या. सगळ्या जणी घरच्या काळ्या मशीनवर शिकलेल्या, हात तयार. इंडस्ट्रियल मशीन मात्र त्यांना नवं. एक मशीन सकाळपासून बंद होतं. कुणीतरी चाक दोन्ही हातांनी ओढून पाहिलं होतं, कुणीतरी आत खोबरेल तेल सोडलं होतं.

आधी सुई काढली. अडकलेल्या मशीनमध्ये सुई ठेवून चाक हलवणं म्हणजे हुकाच्या टोकाला ओरखडा पाडून घेणं, आणि तो ओरखडा पुढे महिनोन्‌महिने धागा तोडत राहतो. मग दाबपट्टीचा पाय वर, प्लेटचे स्क्रू काढले, बॉबिन केस खालून काढली. मशीनचं डोकं मागे कलंडवलं आणि बॅटरीच्या उजेडात हुक पाहिला. खोबणीच्या कडेला आकाशी दोऱ्याची दोन टोकं दिसत होती. इथे चिमटा घालून ओढायचा मोह होतो. ओढला की दोरा तुटतो आणि टोक आत दिसेनासं होतं. मी शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे चार थेंब खोबणीत सोडले, दोऱ्याचं एक टोक नुसतं ताणून धरलं आणि चाक मागे-पुढे अगदी बोटभर हलवत राहिलो. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग हाताला जागा मिळाल्यासारखं वाटलं, चाक थोडं जास्त मागे गेलं आणि दोरा तेलात भिजून, चपटा होऊन, आख्खा बाहेर आला. असा आला नाही तर हुकावरची पट्टी धरणारे बारीक स्क्रू काढून वाटी सोडवावी लागते. ते काम पांढऱ्या फडक्यावर करायचं, कारण मातीच्या जमिनीवर पडलेला तो स्क्रू परत सापडत नाही.

चाक फिरलं तशा बायका कामाला लागायला उठल्या. मी थांबवलं. दोरा काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो आत का गेला, ते सापडायचं होतं. वरून धाग्याची वाट बोटाने तपासत आलो. टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये निळसर लवीचा आणि तुटक्या दोऱ्याचा गठ्ठा बसला होता. चकत्या मिटतच नव्हत्या. म्हणजे वरचं बटण कितीही आवळा, धाग्याला पकडच नाही. पाय वर केला, चकत्या उघडल्या, सुती कापडाची पट्टी तिरकी घालून ओढली. लव बाहेर आली. सुई पाहिली तर तीही थोडी फिरलेली. घरच्या मशीनच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, म्हणून ती सहसा चुकीची बसत नाही. इंडस्ट्रियल मशीनची सुई गोल दांडीची. तिची लांब खोबण डावीकडे आणि खाच उजवीकडे येईल अशी बघून बसवावी लागते, धागाही डावीकडून उजवीकडे ओवायचा. कमी उजेडात मी खोबणीवर नख फिरवून पाहतो. हे त्या शेडमधल्या एकीलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. तसंच शिवण सुरू करताना दोन्ही धाग्यांची टोकं पायामागे धरून ठेवायची, हेही. काळ्या मशीनच्या संथ गतीत न धरता चालून जातं. इथे पहिल्याच टाक्याला मोकळं टोक हुक आत ओढून घेतो.

खोबरेल तेलाबद्दल थोडं. आमच्याकडे घरात ते असतंच, आणि मशीन जड गेलं की ते सोडण्याची रीत आहे. ते पहिले काही दिवस छान चालतं. मग हवेने चिकट होतं, थंडीत गोठतं, आणि आमच्याकडची बारीक धूळ त्यात मुरली की त्याचा लेप होतो. बालाघाटाच्या या पठारावर उन्हाळ्यात धूळ कुठे नसते? मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ आणि पांढरं असतं, ते पुढे सरकतं आणि घाण सोबत नेतं. इंडस्ट्रियल मशीनच्या खाली तेलाचं ताट असतं, त्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. ताटाकडे महिनोन्‌महिने कुणी पाहत नाही, कारण त्यासाठी डोकं कलंडवावं लागतं, आणि डोकं कलंडवायला बायका घाबरतात.

ही भीती मला सर्वांत जास्त खटकते. योजनांमधून मशीन येतं, शिवायचं प्रशिक्षण मिळतं, कटिंगचं पुस्तक मिळतं, फोटो निघतो. मशीन उघडायचं कुणी शिकवत नाही. उलट "हात लावू नका, मिस्त्रीला बोलवा" असंच सांगतात. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, त्याला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. त्या यादीत शिलाई मशीन दुरुस्त करणारा नाही. मला त्यात जागा मिळावी म्हणून हे सांगत नाही. पण ज्या तालुक्यात मिस्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे दुरुस्तीचं पहिलं पाऊल मशीन चालवणारीच्या हातात असायला हवं. प्लेट काढणं, हुक साफ करणं, सुई नीट बसवणं, चकत्या पुसणं, तेल पाहणं एवढं एका दुपारात शिकवून होतं. टायमिंग म्हणजे सुई आणि हुक यांची वेळ जुळवणं, हुक बदलणं, सुई धरणाऱ्या दांडीची उंची ही माझी कामं. ती माझ्याकडे राहू द्या.

म्हणून मी दुरुस्ती झाल्यावर मशीन सुरू करून देत नाही. सुई पुन्हा काढून ठेवतो, प्लेट मोकळी ठेवतो आणि जिचं मशीन आहे तिला म्हणतो, ताई, आता तुम्ही जोडा. सुरुवातीला नाराजी होते. तिच्यामागे कापडाचा ढीग असतो. एकदा प्लेटचे स्क्रू स्वतः लावले की पुढच्या वेळी काढायला भीती वाटत नाही. लहान स्क्रू ड्रायव्हर, जुना दात घासायचा ब्रश, तेलाची बाटली आणि १४ व १६ नंबरच्या चार-चार सुया त्यांच्याकडेच ठेवून येतो. गणवेशाच्या कापडाला १४ नंबर पुरते. तिच्या पाकिटावर ९० असाही आकडा असतो, तो सुईच्या जाडीचा, म्हणजे ०.९० मिलिमीटर. ताडपत्रीला ही सुई लावली की ती वाकते आणि थेट हुकावर जाते, म्हणून जाड कामाला जाड सुई, हे मी पाकिटावरच मोठ्या अक्षरात लिहून देतो.

काही ठिकाणी आता फोनची भाषा बदलली आहे. धानोऱ्याकडच्या एका ताईंचा परवा फोन आला. चाक फिरंना असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, दोरा मी काढलाय, सुई नवी टाकलीय, चकत्या पुसल्या. तरी टाका सुटतोय. सुई वर यायला लागते तेव्हा हुकाचं टोक आधीच पुढं निघून गेलेलं असतंय." टायमिंग सरकलं होतं, हुकाचे स्क्रू ढिले झाले असणार. कुठला स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा ते मला घरीच कळलं. नगरहून काही मागवायची गरज नव्हती. दुपारच्या गाडीने गेलो आणि संध्याकाळच्या आत ते मशीन चालू झालं.